कोंबडी, बैल आणि कबड्डीच्या मॅडम

कबड्डीच्या मॅडम आधी नाव विचारत नसत. मैदानावर नवीन मुलगी आली की डाव्या हाताने तिची हनुवटी वर उचलायच्या, उजव्या अंगठ्याने डोळ्याखालची पापणी ओढायच्या आणि तिचं तोंड उन्हाकडे फिरवून आत बघायच्या. ढोरांच्या बाजारात बैलाचे दात बघतात, अगदी तसं. मग म्हणायच्या, "पांढरं फटक. चुन्यावानी. तू कबड्डी खेळशीन? तुले तर वाऱ्यानं आऊट करता येईन." नाव त्यानंतर. आठवीत असताना माझ्याही डोळ्यांत त्यांनी असंच बघितलं आणि म्हणाल्या, "हे बरं हाय. कोणाची वो तू?"

मी म्हणाले, "बाजारात बड्याच्या मटणाचं दुकान आहे ना, त्यांची."

बडं म्हणजे बैलाचं मांस. बाजूच्या मुली तोंडावर हात ठेवून हसल्या. मॅडम हसल्या नाहीत. "मंग बरोबर," एवढंच म्हणाल्या. माझ्या अब्बांच्या धंद्याचं नाव ऐकून शाळेतल्या कुणी 'बरोबर' म्हणण्याची ती पहिली वेळ. दुसरी अजून यायची आहे.

आमचं गाव दारव्हा तालुक्यातलं, बोरी अरबकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं. कापसाचे ते वाईट दिवस होते. बोंडअळी, रुसलेला पाऊस आणि पडलेला भाव यांच्या बातम्यांनी पेपर भरलेले असायचे. ज्या घरातला माणूस गेला त्या घरासमोर मुंबई-दिल्लीच्या गाड्या उभ्या राहायच्या, फोटो निघायचे. ज्या घरातली पोरगी उभ्या उभ्या चक्कर येऊन पडायची त्या घरी कुणी येत नसे. अशा मुली आमच्या वर्गात चिकार होत्या. पहाटे कापूस वेचायला जायच्या, बोंडांच्या टोकांनी बोटांची टोकं फाटलेली, तशाच दहा वाजता शाळेत आणि चार वाजता मैदानावर. मॅडम विचारायच्या, "सकाळी काय खाल्लं?" उत्तर ठरलेलं. "भाकर." "कशासंग?" "तिखटासंग." मॅडम शिट्टी तोंडातून काढून जमिनीकडे बघत राहायच्या. शिव्या त्यांना येत नव्हत्या असं नाही, पण मुलींसमोर देत नसत.

त्या उमरखेडकडच्या, बौद्ध घरातल्या. वडील लहानपणीच गेलेले. आई लोकांच्या वावरात राबायची. विद्यापीठाच्या स्पर्धांत त्या लांब पल्ल्याच्या शर्यती धावल्या होत्या आणि हे सांगताना पुढचं वाक्य कधी गाळत नसत. "मी चान्या चावून पळली. दुधातुपाचं माह्या घरी कोणी नावबी काढलं नाई." चान्या म्हणजे बड्याच्या मांसाच्या उन्हात वाळवलेल्या पट्ट्या. खिशात टाकल्या की दिवसभर पुरतात. शिक्षकांच्या खोलीत हे वाक्य निघालं की दोन-तीन डबे पटकन बंद व्हायचे. मॅडमना ते दिसायचं. पुढच्या आठवड्यात त्या तेच वाक्य पुन्हा म्हणायच्या.

धरणाच्या कामासाठी बांधलेल्या आणि नंतर ओस पडलेल्या क्वार्टरपैकी एकात त्या एकट्या राहायच्या. रविवारी सकाळी सराव झाला की सगळ्या संघाला तिथं जेवण. सुरुवातीला फक्त कोंबडी असायची. एक कोंबडी, तिच्यावर डझनभर पोरी. रस्सा भाकरीला लागेपर्यंत मांस संपलेलं असायचं. अशाच एका रविवारी, जेवायच्या आधी कडुनिंबाखाली बसलेलो असताना, एका मुलीने माझ्याकडे डोळा मिचकावून विचारलं, "मॅडम, कोंबडी चांगली का बडं?"

तिला मला चिडवायचं होतं. मॅडमनी प्रश्न खराच धरला. काडी घेऊन मातीत रेघ ओढली.

"चाला, लावू दोघायची कबड्डी. इकडं कोंबडी, तिकडं बैल. पह्यलं सांगा, अंगाले मांस कोण चढवते?"

"बैल!" आम्ही ओरडलो.

"चूक. दोघंबी बरोबरीत. कातडी काढलेली छातीची कोंबडी असली तर ती दोन घास पुढंच. कोंबडी हलकी, पचाले सोपी, चरबी कमी. बिमाराले कोंबडी द्या. ज्याच्या छातीत दुखते, बसून बसून ज्याचं पोट सुटलं, त्यानं कोंबडीच खावी. आपल्या हेडमास्तर सरायनं कोंबडी खावी."

आम्ही हसून लोळलो. मॅडम आवाज खाली आणून म्हणाल्या, "आता रक्त. रक्ताले लोह लागते. इथं बैल कोंबडीले उचलून रेषेपार फेकते. एका वाटीत कोंबडी देईन त्याच्या दुपटीहून जास्त बैल देते. जखम भराले जस्त लागते, तेबी त्याच्यात जास्त. तुमचं दर महिन्याले रक्त जाते, वरून बोंडानं बोटं फाटतात. तुमाले मांस कमी नाई, पोरीहो. तुमाले रक्त कमी हाय."

"पालक?" कुणीतरी विचारलं.

"पालकातबी हाय. पण आपलं अंग त्याच्यातलं कंजूसावानी घेते. वरून लिंबू पिळ, मंग जरा हात सैल सोडते. गूळ खा, चणे खा. आन् कोंबडीची एक गोष्ट बैलाच्या तोडीस तोड हाय, कलेजी. पण एका कोंबडीले कलेजी केवढी? आंगठ्याएवढी." मग त्यांनी काडी टाकून दिली. "माह्या सांगण्यावरून कोणी घरची रीत मोडू नका. जे घरी चालते ते खा. पण जे खाता त्याची लाज धरू नका."

मी घरी जाऊन अब्बांना हे सगळं सांगितलं. अब्बा सुरीला धार लावत होते. कोंबडी बरोबरीत सुटली हे त्यांना पटलं नाही. "मुर्गी बीमारों का खाना है, ये तो मेरी अम्मा भी बोलती थी," ते म्हणाले. तरी दुसऱ्या दिवशी मॅडम दुकानावरून जाताना उठून उभे राहिले. "मॅडम, रविवारी पोरीजवळ डबा पाठवतो. नाही म्हणू नका." त्या वर्षांत बडं स्वस्त होतं आणि का स्वस्त होतं हे गावाला ठाऊक होतं. कापूस बुडाला की आधी बैल विकला जातो. ढोरांचा बाजार भरून वाहत होता. म्हाताऱ्या, कामातून गेलेल्या बैलाला तेव्हा कापायचा दाखला मिळायचा आणि दाखला मिळालेला बैल परत कुणाच्या गोठ्यात जात नसे.

तेव्हापासून मॅडमच्या चुलीवर दोन गंज, दोन मोठी पातेली, चढू लागले. एकात बडं, आम्हा मुसलमान आणि बौद्ध मुलींसाठी. दुसऱ्यात कोंबडी, कुणब्यांच्या, बंजाऱ्यांच्या, बाकीच्यांच्या मुलींसाठी. दोन्हींचे चमचे वेगळे, वाढायच्या जागा वेगळ्या, भांडी घासायची राखही वेगळी. याबाबतीत त्या कर्मठ बामणालाही मागे टाकतील अशा होत्या. माझा हात चुकून दुसऱ्या चमच्याकडे गेला तर खेकसायच्या, "शाहीन, हात आवर. कोणाच्या विश्वासाशी खेळू नको." हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे, कारण पुढे गावात जे बोललं गेलं त्यात या दोन गंजांचा उल्लेख कुणी केला नाही.

वंदना आमची चढाई करणारी. कुणब्याची पोरगी, उंच, लांब हातांची. तिचा पाय रेषेला लागला की समोरचा संघ मागे सरकायचा. पण तिच्या डोळ्यांत मॅडमनी पहिल्यांदा बघितलं तेव्हा चुन्याची उपमाही दिली नव्हती, दुसरा डोळाही ओढून बघितला होता. महिन्याच्या त्या दिवसांत तिला इतकं जायचं की ती बाकावरून उठायची नाही. मॅडमनी तिच्या आईला सांगून दवाखान्यात नेलं. लोहाच्या गोळ्या मिळाल्या. रिकाम्या पोटी घेतल्या, उलट्या झाल्या, वंदीने त्या उकिरड्यावर फेकल्या. मग मॅडमनी कोंबडीच्या दुकानदाराला सांगून कलेज्या बाजूला ठेवायला लावल्या. पण कलेजी सगळ्यांनाच आवडते. गिऱ्हाईक नडलं की दुकानदार तरी काय करणार! वंदीच्या वाटीत कधी दोन तुकडे पडायचे, कधी एकही नाही.

त्या उन्हाळ्यात तिच्या बापाने चांद्या विकला. चांद्या त्यांचा बैल, वंदीच्याच हातचा कडबा खाऊन मोठा झालेला. नांगरताना पाय मोडला, लंगडू लागला. बापाने एका मंगळवारी त्याला बाजारात नेलं आणि दोर घेऊन परत आला. वंदी दोन दिवस जेवली नव्हती. हे तिनेच मॅडमना सांगितलं, मी शेजारी होते. मॅडम म्हणाल्या, "रडून घे. पण बापाले बोलू नको. त्याच्या पोटातबी तुटलं असन."

दिवाळीनंतर वेचणी जोरात होती आणि सामने जवळ आले होते. एका रविवारी सराव चालू असताना वंदी पकडीतून सुटून उठली आणि तशीच खाली बसली. ओठ पांढरे. आम्ही तिला धरून क्वार्टरवर आणलं, पाणी दिलं. जेवायची वेळ झाली. मॅडम कोंबडीच्या गंजाकडे वळल्या तोवर वंदी उठली, दुसऱ्या गंजापाशी गेली आणि झाकण काढलं.

"वंदना, तो गंज तुह्यासाठी नाई."

"मले म्हायीत हाय तो कोणता गंज हाय."

"घरी विचारलं?"

"घरी विचारन तर शाळाच बंद होईन. मॅडम, मले पडाचा कंटाळा आला." तिने स्वतःच्या हाताने वाढून घेतलं. पहिला घास घेताना तिचा हात थांबला. ती काय आठवत होती ते मला आणि मॅडमना दोघींनाही कळलं. मग तिने घास तोंडात घातला.

मॅडमच्या हातात चमचा तसाच होता. त्या काही बोलतील म्हणून मी त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी वंदीच्या हातातली थाळी काढून घेतली नाही. खाली बसल्या आणि म्हणाल्या, "हळू खा. चावून खा. वरून लिंबू घे."

तो सगळा हिवाळा वंदी त्याच गंजातलं जेवली. नुसत्या बड्याने ती बरी झाली असं मॅडम कधीच म्हणाल्या नाहीत. त्यांनी दवाखान्यातून गोळ्या परत आणल्या आणि जेवण झाल्यावर समोर बसवून गिळायला लावल्या. दोन्ही मिळून जे व्हायचं ते झालं. वंदीचे ओठ हळूहळू ओठांसारखे दिसू लागले. यवतमाळला जिल्ह्याच्या सामन्यात तिने अशा चढाया केल्या की समोरच्या संघाच्या बाईंनी मध्येच येऊन तिच्या वयाचा दाखला मागितला. आम्ही जिंकलो. परतताना बसमध्ये मॅडम सगळ्यात मागच्या सीटवर बसून एकट्याच हसत होत्या. त्यांना तसं हसताना मी पुन्हा बघितलं नाही.

घात रागाने झाला नाही, आनंदाने झाला. वंदीचा बाप गावभर पेढे वाटत फिरला. पानठेल्यावर सांगत होता, "घरची ज्वारी खाऊन खेळते माही पोरगी." घरीही तेच. बाप इतका खुशीत वंदीने कधी पाहिला नव्हता. तिला वाटलं, आज याला काहीही सांगितलं तरी चालेल. ती हसत म्हणाली, "ज्वारीनं नाई झालं बाबा." आणि सांगून मोकळी झाली.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या मोठ्या खोलीत पालक जमले. हेडमास्तर माणूस वाईट नव्हते, भित्रे होते. त्यांनी मॅडमना आधीच बाजूला घेऊन समजावलं होतं: हात जोडा, गंजांची अदलाबदल झाली म्हणा, प्रकरण मिटवू. आणि मॅडमनी ते कबूल केलं होतं. हे मला नंतर खुद्द मॅडमनीच सांगितलं. हात जोडायची तयारी करूनच त्या खोलीत आल्या होत्या. अब्बांनाही बोलावलं होतं. ते दाराशी, चपलांच्या जवळ उभे होते. मी त्यांच्या मागे.

"तुम्ही चिकन देत होता ना? मग तेवढ्यावरच भागवायचं," हेडमास्तर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "प्रथिनं काय, इकडचीही तीच आणि तिकडचीही तीच."

"प्रथिनं तीच आहेत सर," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "पण त्या पोरीला प्रथिनांची कमी नव्हती."

"पोरीले ते कोणं देल्लं?" मागून कुणीतरी ओरडलं.

खरं सांगायला मी पुढे सरकले. तोंड उघडणार तोच मॅडमनी माझ्याकडे बघितलं. "शाहीन, बाहेर जा," त्या म्हणाल्या आणि मग लोकांकडे वळून, "मी दिलं." मी खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. तिथून सगळं दिसत होतं.

त्यांनी हात जोडायला सुरुवातही केली होती. तेवढ्यात वंदीचा बाप उठला. आदल्या दिवशी पेढे वाटणारा माणूस एका रात्रीत सुकून गेला होता. तो रडत होता. "आमी पोळ्याले बैलाले पुरणपोळी भरवतो. पाय धुतो त्याचे. बैल आमचा बाप हाय. आन् या बाईनं माह्या पोरीले बाप खाऊ घातला!"

खोलीत घोंगावल्यासारखा आवाज उठला. मॅडमचे जोडलेले हात सुटले. त्या त्याच्याकडे बघत राहिल्या आणि विचारलं, "भाऊ, चांद्या कुठं आहे तुमचा?"

आवाज चढवला नव्हता. घरच्या माणसाची खुशाली विचारावी तसं विचारलं. त्या वर्षी ढोरांच्या बाजारातून नुसता दोर घेऊन परतलेला वंदीचा बाप एकटा नव्हता. अर्धी खोली तशीच परतली होती. कुणी खाली बघत होतं, कुणी छताकडे. आणि मग एकेक करून सगळ्यांनी दाराकडे, माझ्या अब्बांकडे बघितलं. वंदीचा बाप मटकन खाली बसला.

हात जोडले असते तर कदाचित लोकांनी सोडून दिलं असतं. त्या प्रश्नानंतर सोडणं शक्य नव्हतं. खोटं बोलणाऱ्या बाईला गाव माफ करतं. मॅडमना पुढच्या वर्षी 'आवश्यकता नाही' असं कळवण्यात आलं. अब्बांचं दुकान बाजारातून उठवलं गेलं आणि आम्ही दारव्ह्याला मामांच्या आश्रयाला गेलो. कोंबडीचं दुकान राहिलं, उलट वाढलं. वंदी मात्र त्या दिवसापासून शाळेत आलीच नाही. होळी व्हायच्या आत तिचं लग्न झालं, उमरखेड तालुक्यात, ढाणकीजवळच्या एका खेड्यात. अजून सोळाची व्हायची होती.

पुढे बरीच वर्षं गेली. मी शिकले, यवतमाळला शिक्षिका झाले. कायदा आला, बैल कापणंही बंद झालं. अब्बा मामांच्या गॅरेजवर बसून नट-बोल्ट निवडू लागले. माझ्या वर्गातल्या पुस्तकात आहाराच्या धड्यात लिहिलंय: 'मांस, अंडी, डाळी.' कुणाचं मांस, ते लिहिलेलं नाही. मुलं विचारत नाहीत आणि मी सांगत नाही.

मॅडम पुसदला एका मुलींच्या वसतिगृहावर अधीक्षिका आहेत हे कळलं तेव्हा मी भेटायला गेले. केस पिकले होते, चालताना धाप लागत होती. वसतिगृहात मांस तर नव्हतंच, अंडीही समितीने बंद केली होती. पातळ वरणाच्या पातेल्याकडे बोट करून मॅडम म्हणाल्या, "यात डाळ शोधाची स्पर्धा ठेवली तर राज्यात पह्यला नंबर येईन." वाद घालत नाही का, असं मी विचारलं. "घातला असता," त्या म्हणाल्या. "पण माह्या वादाचं बिल मले येत नाई, पोरीयले येते. तेव्हापासून भेव वाटते."

मग बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाल्या, "खाऊ घातलं त्याचं मले वाईट वाटत नाई. आजबी घालीन. त्या माणसाले बोलली, त्याचं वाटते. त्याच्या पोटात तुटलं असन, हे मीच वंदनाले म्हटलं होतं. अन् मीच चार लोकायत त्याले तिथंच मारलं." मी निघताना दारापर्यंत आल्या. "ढाणकीकडं जाणं झालं तर पाहून ये तिले. निरोप काही देऊ नको. नुसतं पाहून ये."

मी मुद्दाम गेले. वंदी अंगणात तुरी पाखडत होती. दोन मुलं, नवरा टेम्पो चालवायचा. मला ओळखलं, चहा केला, पण चेहरा खुलला नाही. मॅडमचं नाव काढलं तसं सूप खाली ठेवलं.

"त्यायले सांग, खाण्याचा मले राग नाई. मी माह्या हातानं घेतलं. तो एक हिवाळा मी पोट भरून जेवली. पण बाबाले तो सवाल त्यायनं कायले केला? बाबानं मले मारलं असतं, चार दिवस बोलले नसते, मंग इसरले असते. साऱ्या गावात त्यायची मान खाली गेली, वो. मान खाली गेलेला माणूस ती वर कराले काहीतरी करतेच. बाबानं माह्यं लग्न केलं."

"प्रश्न खरा होता, वंदी."

"खराच होता!" तिचा आवाज इतका चढला की शेजारच्या बाया बाहेर आल्या. "पण सवाल त्यायनं केला आन् जवाब मले द्या लागला. सांग त्यायले."

परत जाताना मी पुसदला उतरले. बसमध्ये मी वंदीचं बोलणं मऊ करून ठेवलं होतं. पण मॅडमच्या समोर बसल्यावर त्या म्हणाल्या, "तिच्या शब्दात सांग," आणि मी तिच्याच शब्दांत सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. संपल्यावर विचारलं, "रडली का?"

"नाही. ओरडली."

"मंग बरी हाय." मग म्हणाल्या, "तिले सांग, बरोबर बोलली. माह्यं चुकलं, म्हणा."

हा निरोप द्यायला मला उशीर झाला. परीक्षा होत्या, मग अब्बा आजारी पडले. त्या उन्हाळ्यात मॅडम गेल्या. छातीतच दुखत होतं म्हणे, कुणाला सांगितलं नव्हतं. वसतिगृहाच्या मुली सुट्टीत घरी गेलेल्या. मातीला आम्ही मोजकेच जण होतो.

मी वंदीला फोन केला. मॅडम गेल्याचं सांगितलं आणि त्यांचा निरोपही सांगितला, त्यांच्या शब्दांत. पलीकडून टेम्पोचा आवाज, लेकरांचं भांडण. ऐकू गेलं की नाही म्हणून मी हॅलो म्हणणार तोच ती बोलली.

"हे आता सांगून राह्यली तू," वंदी म्हणाली. "मंग मी राग कोणावर धरू?"